धरणाला नारळ

आमच्या दारात येऊन चाचा तीन वेळा हाक मारायचे. पहिल्याच हाकेला कोणी बाहेर गेलं तर त्यांचा चेहरा पडायचा.

"एवढी काय घाई गो? बोलावणाऱ्याचं पुरतं बोलावून तरी होऊ द्यावं."

त्यांना कोणी हाक मारली तरी तेच. भाकरी झाली की आई दारातून ओरडायची, "चाचा, भाकरी!" ते समोरच, दहा पावलांवर, जाळ्यांच्या ढिगात बसलेले असायचे. मान वर करायचे नाहीत. आई पुन्हा ओरडायची. तिसऱ्यांदा ओरडली की सुई जाळ्यात खोचून "आलो, आलो" करत उठायचे, जणू आत्ता कुठं ऐकू आलंय.

"कान धड हायेत," आई म्हणायची, "पन तिसऱ्या हाकेबिगर हे मानूस हलायचं न्हाय. नवरदेवच हाय जणू."

ही सवय मी आधीच सांगून ठेवते. नंतर सांगायची वेळ आली तर माझ्याच्यानं सांगवणार नाही.

भिगवणच्या पुढं, उजनीच्या पाण्याच्या काठाला आमची वस्ती आहे. आजोबांची जमीन धरणात गेली आणि पप्पांनी त्याच पाण्यावर होडी घातली. चाचा आमच्या शेजारी पत्र्याच्या खोलीत एकटे राहायचे आणि सगळ्या काठाची जाळी दुरुस्त करायचे. ते रत्नागिरीकडच्या कुठल्याशा बंदरावरून आले होते, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. का आले ते कोणाला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडी आमचं हाय-न्हाय बसलं होतं, पण बायकापोरींशी बोलताना 'गो' काही सुटलं नव्हतं. त्यांची जाळं विणायची सुई माडाच्या लाकडाची होती, काळी पडलेली, आणि तिच्या मुठीवर बोटाच्या पेराएवढी होडी कोरलेली होती. त्या सुईला ते कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला एकदा लावू दिला होता, दहावीचा निकाल लागला त्या दिवशी.

सणांच्या बाबतीत ते फार विचित्र होते. ईदला शिरखुर्म्याची किटली घेऊन सगळ्या वस्तीत फिरायचे, हे ठीक. पण चौदा एप्रिलला पांढराशुभ्र शर्ट घालून आमच्या मिरवणुकीच्या आधीच कोपऱ्यावर सरबताची घागर घेऊन उभे असायचे. गणपती विसर्जनाला कमरेएवढ्या पाण्यात थांबून लोकांच्या हातातल्या मूर्ती घ्यायचे आणि प्रत्येकीला पाठीला हात देऊन सोडायचे, लहान मुलाला पोहायला शिकवताना देतात तसा. नाताळला पुण्याहून येणाऱ्या कोणाकडून तरी केक मागवायचे आणि तो पोरांना वाटायचे. आमच्या वस्तीत एकही ख्रिस्ती घर नाही. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "नसंना. उद्या एखादं आलं ऱ्हायला, तर त्याला वाटाया नगो, की हितं नाताळ कुनाला ठावच न्हाय."

हमरस्त्यावरच्या मच्छीच्या हॉटेलचे मालक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते त्यांची फिरकी घ्यायचे. "चाचा, तुमचं नक्की कोनतं? एक धरा की."

"एकट्यानं उपास व्हतो, तात्या," चाचा म्हणायचे. "सन न्हाय व्हत."

पण खरा गोंधळ व्हायचा तो श्रावणात. नारळी पौर्णिमेला पंधरा-वीस दिवस राहिले की ते सुई कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचे आणि कोणाचंही जाळं हातात घ्यायचे नाहीत. त्यांच्या बंदरावर म्हणे पौर्णिमेला समुद्रात नारळ पडल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. पण आमचं पाणी धरणाचं. आणि नेमकं त्याच दिवसांत पाणी चढायला लागतं, मासा हलतो, जाळी फाटतात. दर वर्षी कोणाशी ना कोणाशी भांडण व्हायचं. एका वर्षी ते पप्पांशीच झालं.

"चाचा, चार हात फाटलंय फकस्त. अर्ध्या तासाचं काम."

"नारळ पडू दे."

"आवो, हे धरान हाय! ह्याला कुनी नारळ देतं व्हय? पाटबंधारेवाले हसतील."

"हसू दे."

"माझं घर ह्याच्यावर चालतंय!"

"तुजं घर चालावं म्हनूनच म्हनतो. नारळ पडू दे, भाऊ. मी हात जोडतो."

आणि खरंच त्यांनी हात जोडले. पप्पा जाळं तिथंच टाकून निघून आले आणि आठवडाभर चाचांशी बोलले नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा हट्टी आहे. हट्ट करणाऱ्या माणसाचा आवाज असा कापत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पौर्णिमेच्या दिवशी मात्र ते सकाळपासून वेगळेच दिसायचे. नारळ ते स्वतः विकत घ्यायचे नाहीत. तात्यांकडून, तात्यांच्या हॉटेलातल्या देव्हाऱ्यातला मागून आणायचे. त्याला सोनेरी कागद गुंडाळायचे. मग दुपार कलल्यावर काठाला जाऊन पाण्याकडं तोंड करून नुसते उभे राहायचे. बराच वेळ. वस्तीतली पोरं मागं जमायची, कारण पुढं काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. ते एकदम छाती भरून घ्यायचे आणि समोरच्या रिकाम्या पाण्याला मोठ्यानं सांगायचे, "हजर हाय!"

मग नारळ सोडायचे.

पोरं वर्गात हजेरी देताना त्यांची नक्कल करायची. मीही केली आहे.

मी आठवीत असताना ते आमच्याकडं एक विनंती घेऊन आले. तीन हाका मारून, रीतसर. पप्पा जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवतात, आजही. चाचा म्हणाले, "भाऊ, औंदा नारळाला तुमी वाजवा."

पप्पा म्हणाले, "चाचा, तुमाला न्हाय म्हनायचं जिवावर येतं. पन आमी देवाधर्माचं काय करत न्हाय. आमी शपथ घेतलीया."

"देवाला कुठं वाजवायचंय? पान्याला वाजवायचंय."

"पान्याला?"

"आमच्या गावची रीत हाय. नारळ देवळाचा. होडी मोहल्ल्याची, म्हंजी आमच्या घरची. आन् वाजप गावातल्या एका क्रिस्ताव घराचं. तिघांतलं एक बी कमी असलं तर नारळ पडत न्हाय. हितं नारळ तात्या देतो. होडी न्हाय, पन मी हाय. वाजवाया कोन न्हाय. इतकी वर्सं मुकाट्यानंच सोडला."

पप्पा आईकडं बघून हसले. "पान्याला म्हनता तर वाजवतो. पान्यासाठी आमच्या लोकांनी लई सोसलंय. पान्यापुढं वाजवाया आमची ना न्हाय."

त्या वर्षी काठावर ताशा वाजला. ते एकटे उभे राहायचे तेवढा वेळ पप्पाही गप्प उभे राहिले, आणि "हजर हाय" झाल्यावर वाजवायला लागले. तात्याही हॉटेल पोरांवर टाकून आले होते. कोणी हसलं नाही. चाचांनी नारळ सोडला आणि लुंगीच्या टोकानं डोळे पुसले. परत येताना म्हणाले, "आज झाल्यासारखं वाटलं गो." तेव्हापासून मी त्यांची नक्कल करायची बंद केली.

बारावीच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसून जाळ्याच्या गाठी मारायला शिकत होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, बारामतीला प्रवेश घ्यायचा ठरलं होतं, आणि मला कशाचीही भीती वाटायची. मी सहज विचारलं, "चाचा, तुम्ही 'हजर हाय' कोणाला म्हणता?"

त्यांनी हातातली गाठ पुरी केली. मग खाली बघतच सांगितलं.

त्यांच्या गावात नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन निघालेली मंडळी आधी त्यांच्या दारात येतात. देवळाचा गुरव हाक मारतो, 'दर्यावरच्या घरचा मानकरी हजर हाय का?' मानकऱ्यानं ओ द्यायची, होडी काढायची, मग पुढचं सगळं. वडिलांच्या मागं तो मान चाचांकडं आला. त्या सालीच, पौर्णिमेला चार दिवस असताना, समुद्र तळ्यासारखा निवांत होता.

"धाकटा भाऊ नगो म्हनत व्हता. नारळ पडू दे म्हनला. मी म्हनलो, मान आपल्या घरचा, नारळ आपन न्हेनार, आपल्याला दर्या काय करनार? ज्यानं राखायचं, त्यानंच मोडलं."

ते एकटे परत आले.

"चार दिसांनी दारात मंडळी आली. मी आतच व्हतो. वाटलं, कशाला येत्यात? पन आली. गुरवानं हाक मारली. सगळं गाव दारात. भावाची बायको आतल्या खोलीत. मला ओ देववली न्हाय गो. मागल्या दारानं निघालो, तो ह्या पान्यापाशी येऊन थांबलो. हितं लाटंचा आवाज येत न्हाय."

सुई पुन्हा चालू झाली. ते म्हणाले, "दर सालाला वाटतं, अजून हाक मारत असतील का? का दुसऱ्याला दिला मान? दिला असंल तर बरोबरच हाय. पन मारत असतील, आन् कुनीच ओ देत नसंल तर? म्हनून हितनं देतो."

मी म्हटलं, मोबाईलवर गावाचं नाव शोधते, कोणाचा तरी नंबर मिळेल. ते घाईघाईनं म्हणाले, "फोनवर नगो. फोनवर मानूस बरं वाटंल तेच सांगतो."

पुढच्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. पप्पा त्यांना बारामतीला डॉक्टरकडं घेऊन गेले. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "छातीत पानी झालंय म्हनत्यात. पान्यावरच्या मानसाला दुसरं काय व्हनार?" हसले, पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. श्रावण लागल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"पोरी, माजं एक काम करशील? पौर्निमेला तिकडं जा. लांब उभी ऱ्हा. कुनाला माजं नाव सांगू नगो, काय बोलू नगो. फकस्त ऐक. हाक मारत्यात का न्हाय, येवढंच ऐकून ये."

"मी? पप्पा जातील की."

"तुजा बाप बोलंल. त्याला ऱ्हावनार न्हाय. तुला बोलाया येळ लागतो. तूच पायजे."

घरातून परवानगी मिळायला आठ दिवस लागले. काटेवाडीची माझी मैत्रीण बरोबर येणार, असं ठरल्यावर आई तयार झाली. निघताना चाचा हमरस्त्यापर्यंत सोडायला आले. सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ तयार होता, पण म्हणाले, "औंदा मी सोडनार न्हाय. तू येस्तोवर थांबतो. तिकडं हाक असंल तर मग हितं कशाला?"

मैत्रिणीनं आयत्या वेळी फोन केला की भाऊ राखीसाठी येतोय, तिला जमणार नाही. मी हे घरी सांगितलं नाही. एकटी पुण्याला स्वारगेटवर पोचले. तिथं कळलं की घाटात दरड पडली आहे, गाडी सुटणार नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "कोल्हापूरवरून जा, फिरून. थोडा उशीर होईल." गाडी समोर लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता. मी पुण्याच्या पलीकडं कधी गेले नव्हते. पाऊस लागला होता, आणि कोल्हापूर कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा मला नीट सांगता आलं नसतं. मी त्या गाडीकडं बघत बाकावर बसून राहिले. ती गेली. त्यानंतरची पण गेली.

मग मी काटेवाडीला मैत्रिणीकडं आले. पौर्णिमेच्या दिवशी तिच्या आईनं मला नारळीभात वाढला. मी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी भिगवणला उतरले.

खरं सांगायचंच ठरवलं होतं. वाटेत दोन-तीनदा वाक्य पाठ केलं होतं. पण चाचा रस्त्यावरच उभे होते, दाढी केलेली, चौदा एप्रिलचा तो पांढरा शर्ट घातलेला. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"ऐकलंस?"

मी मान हलवली.

"मारली हाक?"

"मारली."

"काय म्हनाले?"

"'दर्यावरच्या घरचा मानकरी हजर हाय का?' असंच म्हणाले."

त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, मी बरोबर केलं. जगात एखादं खोटं बरोबर असेल तर ते हेच. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "किती येळा?"

"एकदा," मी म्हणाले. आणि खरं वाटावं म्हणून जोडलं, "पण खूप मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेली."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. दमलेल्या लेकराकडं बघावं तसं.

"बरं," म्हणाले. "दमली असशील. जा, जेव जा."

संध्याकाळी त्यांच्या खोलीतून नारळ फोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ते अर्धी वाटी खोबरं घेऊन आमच्या दारात आले. आईच्या हातात दिलं, आणि गेले. आल्यावर त्यांनी एकही हाक मारली नव्हती. मी घरातच होते. मला एवढंच वाटलं, की आनंदात विसरले असतील.

त्यानंतर ते आईच्या पहिल्या हाकेला उठायला लागले.

"सुधारले की चाचा," आई म्हणाली. तिला बरं वाटलं. भाकरी निवायची थांबली.

दिवाळी झाली. थंडी पडली, रोहित पक्षी उतरले, पप्पा शहरातल्या लोकांना होडीतून पक्षी दाखवायला नेऊ लागले. तात्या परिचयाच्या कोणाकडून तरी नाताळच्या आधीच केक घेऊन आले होते, चाचांना हिंडायला नको म्हणून. त्यांनी तो घेतला, पण वाटला नाही. कपाटावर तसाच राहिला. त्यांची धाप वाढली होती, तरी ते सकाळी बाहेर येऊन जाळ्यात बसायचे. एका दुपारी आईनं हाक मारली, "चाचा, भाकरी!"

ते उठले नाहीत.

आई हसली. "आले बघ पुन्ना जुन्या वळनावर." तिनं दुसरी हाक मारली. मग तिसरी.

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "जा गं, बघ जरा."

सुई जाळ्यात खोचलेलीच होती.

भिगवणच्या मोहल्ल्यातल्या माणसांनी सगळं केलं. पप्पा आणि तात्या खांदा द्यायला गेले. सुई पप्पांनी माझ्याकडं दिली. म्हणाले, "तुला हात लावू दिला व्हता, तूच ठेव."

पुढचा श्रावण आला तेव्हा मी घरी सांगितलं की मी जाणार आहे, आणि एकटीच जाणार आहे. स्वारगेटला मी कोल्हापूरची गाडी धरली. तिथून दुसरी. बसून बसून पाय सुजले, एवढाच काय तो त्रास झाला. इतकंच होतं ते.

त्यांचं बंदर लहान आहे. एक देऊळ, एक मशीद, उतारावर पांढरा क्रूस, आणि खाली लाटांचा आवाज, जो कधीच थांबत नाही. घर शोधावं लागलं नाही. पाण्याजवळचं शेवटचं कौलारू घर, आणि त्याच्या अंगणात झावळ्यांखाली एक होडी. तिला नवा निळा रंग दिलेला होता. दारात पांढरी ओढणी घेतलेली एक साठीची बाई बसली होती. मी कुंपणाच्या बाहेर लांब उभी राहिले, सांगितलं होतं तशी.

दुपार कलल्यावर मंडळी आली. पुढं सोनेरी नारळ, मागं ट्रम्पेट आणि ढोल घेतलेली चार माणसं. घरासमोर येऊन सगळे थांबले. वाजप थांबलं. एक वाकलेला म्हातारा, गुरव असणार, पुढं झाला.

"दर्यावरच्या घरचा मानकरी हजर हाय का?"

मला रडू फुटलं. मारतात. अजून मारतात.

कोणी हललं नाही. सगळे दाराकडं बघत होते. गुरवानं पुन्हा तीच हाक मारली. तेव्हा माझं रडू तिथल्या तिथं थांबलं. तिसरी येणार हे मला तिसरीच्या आधीच कळलं होतं. तिसरी आली. मग मंडळी गप्प उभी राहिली, आमच्या काठावर चाचा उभे राहायचे तेवढाच वेळ. शेवटी म्हातारा म्हणाला, "मानकरी वाटंवर हाय. चला." चौघा तरण्या पोरांनी होडी उचलली आणि पाण्याकडं नेली.

मी तशीच उभी होते. ती बाई उठून कुंपणापाशी आली.

"तू कोनाची गो? कोनाकडं आली?"

मला बोलायला वेळ लागतो. मी पिशवीतून सुई काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली, मुठीवरच्या होडीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"अशा दोन सुया दोगा भावांनी मिळून कोरल्या," ती म्हणाली. "एक माज्या नवऱ्याची. एक ही." मग वर न बघता, "कदी?"

"नाताळच्या आदल्या आठवड्यात."

ती दारातल्या पायरीवर बसली. मलाही बसवलं. खाली वाजप सुरू झालं होतं. म्हणाली, "सगळी म्हनायची, हाक बंद करा. मान दुसऱ्या घरी द्या. मीच न्हाय म्हनले. दर्यानं एक नेला. दुसऱ्याला आमी हाक मारायची सोडली, तर त्याला आमीच नेला असं व्हईल." मग खाली जाणाऱ्या माणसांकडं बोट करून म्हणाली, "त्यांना आज सांगू नगो. पुढल्या साली बी मारू दे."

मी मान हलवली.

"तिकडं काय करायचा पौर्निमेला?"

मी सांगितलं. धरण, तात्यांचा नारळ, पप्पांचा ताशा. गप्प उभं राहणं, आणि मग ओ देणं.

"तिसऱ्या हाकेलाच दिल्यागत," ती स्वतःशीच म्हणाली. "ह्या घरात पयल्या हाकेला मान घेत न्हायत. हावरेपना दिसतो." तिनं सुई ओढणीच्या टोकात गुंडाळली. "मग हजरच व्हता की गो तो. हजरच व्हता."

आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आमी हाक मारतो, हे त्याला ठाव व्हतं?"

खाली नारळ पाण्यात पडला असावा, कारण माणसांचा एकच आवाज उठला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हो," मी म्हणाले.

किती वेळा, ते तिनं विचारलं नाही.